कोपऱ्यातला केर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमची आई घर डोक्यावर घेते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि आम्ही बापलेक ओसरीवर हद्दपार होतो. मधली जमीन ती केरसुणीने पाच मिनिटांत झाडून काढते. उरलेली सारी दुपार मात्र कोपऱ्यांत जाते. केरसुणी कोपऱ्यात शिरत नाही, तेथे कुंचा लागतो. कुंचा पोचत नाही तेथे दातांचा जुना ब्रश, आणि कोनाड्याच्या फटीत अखेर डोक्यातला आकडा. एवढ्याशा कोपऱ्यासाठी एवढा वेळ का, असे मी लहानपणी तिला विचारीत असे. ती म्हणे, "मधलं घर कुणीही झाडतं रे. घरातली बाई कशी आहे ते कोपरा बघून कळतं."

आमच्या घरात आणखी एक चाल आहे. लक्ष्मीपूजनाला सगळेच लोक नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. आमच्याकडे केरसुणीशेजारी एक अर्धगोल कानस ठेवलेली असते. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. हत्यारांची पूजा खंडेनवमीला करायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण विचारले की ते म्हणत, "हीबी केरसुणीच हाय. लोखंडाची."

या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले. तो कळताना लोखंड कापण्याच्या विद्येचा जो इतिहास हाताला लागला, तोच आज वाचकांपुढे मांडीत आहे. मी काही इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपुढे फारसे शिकलो नाही. शाळेत पोरांना शिकवले आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा पारिभाषिक काटेकोरपणापेक्षा गोष्टीवर माझा भर राहील, हे आधीच सांगून ठेवतो.

अण्णा कोल्हापुरातल्या एका कारखान्यात साचे बनविण्याच्या खात्यात फिटर होते. साचा म्हणजे पोलादाचा ठोकळा कोरून केलेली पोकळी. तीत वितळलेले प्लॅस्टिक दाबले की डबा, झाकण, बादली तयार. ठोकळा कोरण्याचे काम मिलिंग यंत्राचे. लेथमध्ये लोखंड फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये उलट, हत्यार फिरते. त्या फिरत्या, दातेरी हत्याराला कटर म्हणतात. आता फिरणारी वस्तू गोल असायची, आणि गोल वस्तू कोपऱ्यात पुरती शिरत नाही. यंत्र मधले लोखंड भराभर काढून टाकी आणि कोपऱ्यांत थोडेथोडे सोडून देई. ते उरलेले लोखंड शेगड्यात धरलेल्या ठोकळ्यावर वाकून, कानशीने, मग पॉलिश पेपरने काढणे हे अण्णांचे काम. पस्तीस वर्षे त्यांनी यंत्रांचे कोपरे झाडले.

हे काम किती जुने? मिलिंग यंत्राइतकेच जुने. १७९८ साली एली व्हिटनी या अमेरिकन गृहस्थाने आपल्या सरकारला दहा हजार बंदुका दोनएक वर्षांत करून देण्याचा करार केला. त्या पुऱ्या व्हायला १८०९ साल उजाडले. मिलिंग यंत्राचा जनक म्हणून पुष्कळ वर्षे त्याचेच नाव घेतले जाई. पुढे इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली, आणि ते श्रेय एकट्या व्हिटनीचे नव्हे, न्यू इंग्लंडमधल्या अनेक बंदूक-कारागिरांच्या हातून १८१०-२०च्या सुमारास हे यंत्र हळूहळू आकाराला आले, असे ठरले. १८२०च्या दशकात हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने एका बंदुकीचा भाग दुसरीला बसेल इतके सारखे भाग मिलिंगने काढून दाखविले. त्यापूर्वी बंदुकीचा प्रत्येक खटका कानशीने घासून बसवावा लागे. मिलिंग यंत्र जन्माला आले ते मुळी कानशीचे कष्ट वाचविण्यासाठी.

याहून बोलका प्रसंग १८६०नंतरचा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. बंदुकांत बारीक भोके पाडण्यासाठी पीळदार ड्रिल लागत. त्या ड्रिलवरची नागमोडी खाच कारागीर बारीक गोल कानशीने हातांनी घाशीत. एकेका ड्रिलला केवढा वेळ! प्रॉव्हिडन्स गावच्या एका बंदूक-कारखान्यातील फ्रेडरिक होव याने ही अडचण जोसेफ ब्राऊनकडे नेली. १८६२ साली ब्राऊनने जे यंत्र करून दिले, त्यात लोखंड फिरत फिरत पुढे सरके आणि खाच आपोआप पिळासारखी उतरे. हेच ते सर्वकामी मिलिंग यंत्र. जगभरच्या कारखान्यांत त्याचे वंशज नांदले. म्हणजे एका कोपऱ्यातून कानस हद्दपार झाली. पण यंत्र जितके अवघड आकार कोरू लागले, तितके नवे कोपरे निर्माण झाले आणि कानस तेथे जाऊन बसली.

यानंतर प्रश्न आला निवडीचा. कोणते हत्यार घ्यावे, ते किती वेगाने फिरवावे, किती झपाट्याने पुढे सरकवावे? हे जुन्या कारागिराला ठाऊक असे, पण विचारले तर सांगता येत नसे. आईला पुरणाचा अंदाज विचारावा तसेच ते. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर या माणसाने १८८० साली या प्रश्नाला हात घातला. तो सुटायला २६ वर्षे लागली. तीस हजारांवर प्रयोग झाले, आठ लाख पौंडांवर लोखंड आणि पोलाद निव्वळ कीस होऊन पडले. टेलरने १९०६ साली आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात बारा वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत असे निघाले. त्यांचा मेळ घालण्यासाठी त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने खास सरकपट्ट्या बनविल्या. वाटेत, शतक उलटता उलटता, टेलर आणि व्हाइट यांना लालबुंद तापूनही धार न सोडणाऱ्या पोलादाचा शोध लागला, तो वेगळाच.

टेलरबद्दल दोन मते आहेत. कारागिराच्या हातातले ज्ञान त्याने कागदावर आणले, हे त्याचे मोठेपण. आणि कागदावर आले ते कारागिराच्या हातून गेले, ही त्याची दुसरी बाजू. पट्टी सरकवून उत्तर काढणारा कचेरीत बसला, कारागिराने फक्त ते पाळायचे. पुढच्या साऱ्या इतिहासावर या गोष्टीची सावली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगन प्रांतात जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती करीत असे. पात्यांच्या आकाराचे नमुने अचूक हवेत म्हणून त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने पंचकार्डांच्या गणनयंत्रावर वक्ररेषेवरचे दोनशे बिंदू मोजून काढले. त्या त्या बिंदूवर कटर नेऊन लोखंड कापायचे. दोन बिंदूंच्या मध्ये जे बारीक कंगोरे उरतील ते कानशीने घासून टाकायचे! संगणकाने चालणाऱ्या कारखान्याच्या अगदी पहिल्या पायरीवरही अण्णांची कानस हजर आहे, हे वाचून मी मोठ्याने हसलो. पार्सन्सला हे काम यंत्रानेच सलग करावे असे वाटले. १९४९ साली अमेरिकन हवाई दलाने पैसा दिला, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाने बुद्धी दिली, आणि १९५२ साली तेथे शेकडो निर्वात नळ्यांच्या कपाटाने, भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरचे आकडे वाचून, मिलिंग यंत्र चालवून दाखविले.

त्या काळी दुसरी वाटही होती, आणि ती मला अधिक माणुसकीची वाटते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र केले होते. कुशल कारागिराने एकदा काम करायचे, त्याच्या हालचाली फितीवर नोंदवून घ्यायच्या, मग ती फीत यंत्राला तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावी. येथे ज्ञान कारागिराचेच राहत होते. ही वाट मागे पडली. अतिशय गुंतागुंतीचे आकार हातांनी एकदाही करता येत नाहीत, हे त्याचे एक कारण. पण ताबा कारखान्याच्या जमिनीवरून कचेरीत नेण्याची मालकांची आणि लष्कराची ओढ हेही कारण होते, असे डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली साधार मांडले. याच कंपनीत त्या वेळी कर्ट व्हॉनेगट नावाचा तरुण प्रसिद्धीखात्यात नोकरीला होता. तेथली यंत्रे पाहून त्याने 'प्लेअर पियानो' ही आपली पहिली कादंबरी लिहिली. तीत एका वृद्ध कारागिराच्या हातांच्या हालचाली फितीवर घेतल्या जातात आणि त्या फितीवर इतरांची कामे संपतात. कादंबरी निघाली १९५२ साली. कागदी पट्टीने यंत्र चालले त्याच वर्षी!

१९५९ साली डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राला हुकूम देण्याची एक भाषा जाहीर केली आणि वार्ताहरांना तिने कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे वाटली. पुढे फ्रान्समध्ये रेनॉ मोटार कंपनीतील पिएर बेझिए याने मोटारीच्या अंगाचे गुळगुळीत वळण आकड्यांत बसविले. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठातील डोनाल्ड वेलबर्न यांनी १९६५पासून, नमुने करणाऱ्या सुतार-लोहारांना अवघड आकार घडविण्यात संगणकाची मदत कशी होईल याचा ध्यास घेतला. आकार संगणकात आला, कटर कोठून न्यायचे हेही संगणक ठरवू लागला. राहता राहिला कोपरा.

कोपऱ्याचे गणित मी माझ्या वर्गात लाडवावर शिकवतो. चार सेंटिमीटर व्यासाचा बुंदीचा लाडू डब्याच्या कडेला, जेथे तळ आणि भिंत मिळतात तेथे, अगदी दाबून ठेवा. लाडू तळाला एका जागी टेकतो, भिंतीला एका जागी टेकतो. आणि मागे कोनात सुमारे आठ मिलिमीटर जागा मोकळी राहते. जेथे दोन भिंती आणि तळ असे तिघे मिळतात त्या कोपऱ्यात ठेवा, तर जवळजवळ पंधरा. आता लाडवाऐवजी आठ मिलिमीटरचा वाटाणा ठेवा: कडेला पावणेदोन, कोपऱ्यात तीन मिलिमीटर. साच्याच्या कटरचे टोक असेच चेंडूसारखे गोल असते. ते जेथे एकाच वेळी दोन ठिकाणी टेकते, तेथे त्याच्या मागे लोखंड उरले, असे खुशाल समजावे. संगणक नेमके हेच शोधतो. मागचे कटर कोठे कोठे दुहेरी टेकले असेल त्या जागा तो हुडकतो आणि लहान कटरला फक्त तेवढ्याच जागांवरून नेतो. साफ झालेल्या जमिनीवरून पुन्हा झाडू फिरवायचा नाही, कुंचा थेट कोपऱ्यात घालायचा.

हे प्रत्यक्ष पाहण्याचा योग यंदा आश्विनात आला. माझा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत साचे करतो. "गुरुजी, आजोबांना घेऊन या एकदा," असे तो बरेच दिवस म्हणत होता. अण्णा जाईनात. २००२ साली त्यांच्या कारखान्यात असले यंत्र आले आणि तीन वर्षांत त्यांचे टेबल रिकामे झाले. मालकाने हिशेब चुकता केला, हार घातला, नारळ दिला. तेव्हापासून त्यांनी एकही यंत्र पाहिले नव्हते. अखेर आईच म्हणाली, "साफसफाईच्या दिवशी घरात बसून काय करताय? जावा की!"

काचेच्या दारामागे पांढरे यंत्र पोलादाचा ठोकळा कोरीत होते. फराळाच्या डब्याचा साचा, खोली साठ मिलिमीटर, आतल्या वळणाची त्रिज्या चार. विद्यार्थी समजावून सांगू लागला. आधी १६ मिलिमीटरचे कटर, मग १०चे, शेवटी कोपऱ्यांना ६चे. मी विचारले, "एकदम सोळावरून सहावर का नाही?" तो म्हणाला, "केलं होतं गुरुजी. मोठ्यानं मागं ठेवलेलं सगळं लोखंड त्या एवढ्याशा कटरच्या अंगावर आलं आणि कटकन तुटलं. दिवसाची मजुरी गेली."

वळणाची त्रिज्या चार, तर ८ मिलिमीटरचे कटर बरोबर बसले नसते का? बसले असते, आणि तीच अडचण झाली असती. कटर आणि वळण एकाच मापाचे असले की ते एकदम बऱ्याच अंगाने लोखंडाला चिकटते, किंचाळते, थरथरते आणि साच्यावर लहरी उठवते. म्हणून कटर वळणाहून थोडे लहान घ्यायचे, म्हणजे ते वळणावरून चालत जाते. पण लहान घेतले की ते वाकते. लांबी तीच ठेवून व्यास निम्मा केला तर तेवढ्याच जोराने ते सोळापट वाकते. व्यास तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर आठपट. म्हणून शक्य तितके लहान नव्हे, चालेल तितके मोठे कटर. आणि धारकातून बाहेर काढायचे ते खोलीला पुरेल एवढेच. १९२०च्या दशकात जर्मनीत क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडची हत्यारे बाजारात आणली, ती येथे उपयोगी पडली. कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते. ते नसते तर ही बारीक कटरे साठ मिलिमीटर खोल उतरलीच नसती.

वेगाचेही तसेच. १६चे कटर मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर धारेचा तोच वेग राखायला ६च्या कटरला ६४०० फेरे हवेत. शिवाय चेंडूच्या अगदी टोकाला वेग शून्य. जात्याचा मध्य जसा जागच्या जागी फिरतो तसे ते टोक लोखंड कापत नाही, नुसते घासते. म्हणून उभ्या भिंतीच्या कोपऱ्यात थराथराने खाली उतरायचे आणि सपाट भागात कडेकडेने जायचे, असे दोन प्रकारचे मार्ग संगणकात निवडावे लागतात. दोन फेऱ्यांत अंतर किती ठेवायचे? ६च्या कटरला ०.३ मिलिमीटर ठेवले तर मध्ये उरणारा कंगोरा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौपट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. अंतर निम्मे केले की कंगोरा चौथाई होतो, पण वेळ दुप्पट लागतो.

यंत्र थांबले. विद्यार्थ्याने दार उघडले, हवेच्या फवाऱ्याने कीस उडवला. अण्णा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते पुढे झाले, चष्मा कपाळावर सारला, आणि डोळे मिटून अंगठ्याचे नख भिंतीवरून वळणाकडे हळूहळू नेले. मध्येच थांबले. पुन्हा नेले. पुन्हा तेथेच थांबले.

"हितं पायरी हाय."

विद्यार्थी म्हणाला, "आजोबा, संगणकावर तर काही दिसत नाही."

"संगणकाला नख हाय का?"

त्याने भिंग आणून पाहिले. भिंत आणि वळण जेथे मिळतात तेथे एक केसासारखी रेघ होती. मग तो खुर्चीवर बसून विचार करू लागला, आणि त्याच्याच तोंडून उलगडा झाला. त्याने संगणकाला मागचे कटर बरोबर १० मिलिमीटरचे सांगितले होते. संगणकाने ते शब्दशः खरे मानून, १०चे कटर जेथपर्यंत पोचले असेल तेथूनच ६च्याला कामाला लावले. पण १०चे कटर खोलात गेल्यावर वाकले होते, थोडे झिजलेही होते. त्याने कागदावरच्यापेक्षा जास्त लोखंड मागे ठेवले होते. म्हणून सांध्यावर पायरी. यावर उपाय, संगणकाशी थोडे खोटे बोलणे. मागचे कटर १०चे नव्हे, ११चे होते असे सांगायचे. मग लहान कटर कोपऱ्याच्या थोडे अलीकडून कामाला लागते, एक फेरी दुसरीवर चढते आणि सांधा मिटतो. त्याने आकडा बदलला, यंत्र पुन्हा चालले. अर्ध्या तासाने अण्णांनी पुन्हा नख फिरविले. या खेपेला ते कोठे थांबले नाही.

"आम्ही पण असंच करायचो," अण्णा म्हणाले. "सांध्यावर कानस कधी सुरू करायची नाही. चार बोटं अलीकडून यायचं."

मी त्या दोघांकडे पाहत राहिलो. संगणकाच्या पडद्यावर जो आकडा बदलला, तो अण्णांच्या हाताला चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होता. तो फितीवर उतरला नाही, टेलरच्या पट्टीत बसला नाही. कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

निघताना अण्णांनी विचारले, "अगदी काटकोनी कोपरा आला तर?" विद्यार्थी हसला. गोल कटर काटकोन कधीच काढू शकत नाही; कितीही बारीक घेतले तरी. तेथे तो दुसऱ्या यंत्राकडे जातो. विजेच्या ठिणग्यांनी संपर्कांची टोके झिजतात, ती का झिजतात हे शोधताना १९४३च्या सुमारास मॉस्कोत लाझारेन्को या पतीपत्नींना वाटले, की ही झीजच कामाला का लावू नये? तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा ठसा तेलात बुडवून पोलादाजवळ आणायचा. दोघांमध्ये ठिणग्या उडतात आणि पोलाद कणाकणाने खाल्ले जाऊन ठशाचा काटकोन जसाच्या तसा उतरतो. अण्णांनी वाकून तेलातली ती लुकलुक पाहिली. "फुलबाजी," ते म्हणाले.

विद्यार्थ्याने जाताना त्यांच्या हातावर एक झिजलेले ६ मिलिमीटरचे कटर ठेवले. अण्णांनी ते नखाने तपासले, खिशात टाकले. बसमध्ये ते गप्प होते. मीही काही विचारले नाही.

घरी आलो तेव्हा आई शेवटच्या कोपऱ्यापाशी पोचली होती. अण्णांनी तिच्या हातून कुंचा घेतला आणि म्हणाले, "थोडं अलीकडून ये. सांध्यावर सुरू करू नको." आईने त्यांच्याकडे असे पाहिले, की साऱ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी केर काढण्याबद्दल मत दिले असावे.

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे केरसुणीशेजारी कानस असेल, आणि कानशीशेजारी ते इवलेसे कटर. ते अण्णांनी आजच चिंचेने घासून ठेवले आहे.